१२,३४,५६,७८९ : मोठ्या संख्येची तपासणी कागद-पेन्सिलीने कशी करावी

मोठी संख्या समोर आली की तिला विचारायचे प्रश्न साधारण ठरलेले असतात. मूळ की संयुक्त? विभाजक किती? पूर्ण वर्ग आहे का? विपुल, न्यून की परिपूर्ण, म्हणजे स्वतः सोडून बाकीच्या विभाजकांची बेरीज तिच्यापेक्षा जास्त, कमी की तिच्याइतकीच? संगणक हे सगळे क्षणात सांगतो, पण उत्तर कुठून आले ते त्यातून कळत नाही. म्हणून या लेखात एकच संख्या घेऊन तिची तपासणी शेवटपर्यंत हाताने करू. निवडली आहे ती १२३४५६७८९. ती पाठ करावी लागत नाही, उतरवताना अंक इकडचे तिकडे होत नाहीत, आणि ती दिसते तितकी साधी नाही. पद्धत मात्र कुठल्याही आठ-दहा अंकी संख्येला चालेल.

एक भेद सुरुवातीलाच करून ठेवू. संख्येचे काही गुणधर्म तिचे स्वतःचे असतात, म्हणजे ती कुठल्याही पद्धतीने लिहिली तरी ते बदलत नाहीत. मूळ असणे, विभाजकांची संख्या, दोन वर्गांची बेरीज म्हणून लिहिता येणे हे त्यातले. दुसरे गुणधर्म आपण दशमान पद्धतीत लिहितो म्हणून निर्माण होतात: अंकांची बेरीज, उलटसुलट वाचणे, सगळे अंक एकेकदा येणे. माहितीच्या याद्यांमध्ये दोन्ही एकाच ओळीत ठोकून दिलेले असतात. माझ्या मते त्यांचे वजन सारखे नाही, म्हणून अंकांच्या गमती शेवटी ठेवल्या आहेत.

आधी आकार

बारा कोटी चौतीस लक्ष छप्पन्न हजार सातशे एकोणनव्वद. नऊ अंक. अवयव पाडायला बसण्यापूर्वी ही संख्या कोणत्या ओळखीच्या संख्यांच्या मध्ये येते ते बघावे, कारण त्यातच बरेच प्रश्न निकालात निघतात.

२ चा २६वा घात ६,७१,०८,८६४ आणि २७वा घात १३,४२,१७,७२८. आपली संख्या या दोहोंच्या मध्ये आहे, म्हणजे ती २ चा घात नाही आणि द्विमान पद्धतीत तिला बरोबर २७ अंक लागतील. ११! (१ ते ११ चा गुणाकार) म्हणजे ३,९९,१६,८०० आणि १२! म्हणजे ४७,९०,०१,६००, तेव्हा ती क्रमगुणितही नाही. फिबोनाची क्रमिकेतले ४०वे पद १०,२३,३४,१५५ आणि ४१वे १६,५५,८०,१४१. तिथेही ती मधल्या रिकाम्या जागेत पडते.

आता वर्गमूळ. हे नीट काढून ठेवावे, कारण पुढे दोनदा उपयोगी पडते.

१११११² = १२,३४,५४,३२१
१११११ च्या पुढचा वर्ग, ११११२² = १२,३४,७६,५४४

म्हणजे पूर्ण वर्ग नाही. पण खालच्या वर्गापासूनचे अंतर बघा: १२,३४,५६,७८९ − १२,३४,५४,३२१ = २४६८. वर्गमूळ साधारण ११,१११.१११०६ येते. इतके एकसुरी वर्गमूळ योगायोगाने येत नाही. आपल्या संख्येला ८१ ने गुणा:

१२,३४,५६,७८९ × ८१ = ९,९९,९९,९९,९०९

म्हणजे १० च्या १०व्या घातापेक्षा फक्त ९१ ने कमी. म्हणून आपली संख्या १०¹⁰ भागिले ८१ च्या अगदी जवळ आहे. त्या भागाकाराचे वर्गमूळ १,००,००० भागिले ९, म्हणजेच ११,१११.१११… येते.

त्रिकोणी संख्या, म्हणजे १ + २ + ३ + … अशा बेरजेतून येणारी, आहे का हे ओळखायची कसोटी सोपी आहे. संख्येला ‘न’ म्हटले आणि ती त्रिकोणी असेल तर ८न + १ पूर्ण वर्ग असतो. इथे ८न + १ = ९८,७६,५४,३१३. शेवटचा अंक ३. कुठल्याही पूर्णांकाचा वर्ग ३ ने संपत नाही. वर्गमूळ काढायचीही गरज पडली नाही.

छोटे भाजक

विषम आहे, तेव्हा २ बाद. शेवटी ९ आहे, तेव्हा ५ बाद. १ ते ९ ची बेरीज ४५, म्हणून ९ ने भाग जातो. भागाकार:

१२,३४,५६,७८९ ÷ ९ = १,३७,१७,४२१

या उरलेल्या संख्येला म म्हणू. तिच्या अंकांची बेरीज १ + ३ + ७ + १ + ७ + ४ + २ + १ = २६. तिला ३ ने भाग जात नाही. तेव्हा आपल्या संख्येत ३ हा अवयव बरोबर दोनदा येतो, जास्त नाही. याचा एक फायदा लगेच मिळतो. संख्या घन असती तर ३ चा घातांक ३ च्या पटीत असता, पाचवा घात असती तर ५ च्या पटीत. घातांक २ आहे, म्हणजे ती कशाचा घात असलीच तर फक्त वर्ग असू शकते. आणि वर्ग नाही हे वर दिसलेच. सगळे घात एका फटक्यात बाद.

७, ११ आणि १३ साठी वेगवेगळे भागाकार करू नका. १००१ = ७ × ११ × १३, म्हणून उजवीकडून तीन-तीन अंकांचे गट पाडून त्यांची आलटून पालटून वजाबाकी-बेरीज करायची:

७८९ − ४५६ + १२३ = ४५६

उत्तर मधल्या गटाइतकेच आले, कारण १२३, ४५६, ७८९ या तिघांत सारखेच ३३३ चे अंतर आहे. ४५६ ला ७ ने भागून बाकी १, ११ ने भागून ५, १३ ने भागून १. मूळ संख्येच्याही बाक्या याच. तिघेही बाद. या तीन बाक्या लिहून ठेवा, शेवटी पडताळ्याला लागतील.

गट तेच ठेवून नुसती बेरीज केली तर ९९९ ची, म्हणजे २७ आणि ३७ ची कसोटी मिळते. १२३ + ४५६ + ७८९ = १३६८, पुन्हा १ + ३६८ = ३६९. याला २७ ने भागून बाकी १८, ३७ ने भागून ३६. ३७ ला बाकी ३६ म्हणजे एकने हुकले. पुढची संख्या १२,३४,५६,७९० हिला ३७ ने भाग जातो.

आता खरी मेहनत

म = १,३७,१७,४२१ चे वर्गमूळ ३७०३ आणि ३७०४ च्या मध्ये आहे. सरळ मार्गाने जायचे तर ३७०३ पर्यंतच्या मूळ संख्यांनी एकेक भागत जायचे. या वाटेने गेलो तर पहिला भाजक सापडायला पाचशेच्या आसपास भागाकार लागतील. शिस्तीत बसले तर जमेल, पण त्यात कंटाळ्याने चुका होतात.

इथे फ्रेंच गणिती पिएर द फर्माची युक्ती वापरू. विषम संयुक्त संख्या दोन वर्गांच्या वजाबाकीच्या रूपात लिहिता येते. म = अ × ब असेल तर दोन्ही विषम असल्याने त्यांची सरासरी पूर्णांक असते. सरासरीचा वर्ग वजा निम्म्या अंतराचा वर्ग म्हणजे म. तेव्हा उलटे जायचे: वर्गमूळाच्या लगेच वरचा पूर्णांक घ्यायचा, त्याच्या वर्गातून म वजा करायचा आणि उरलेले पूर्ण वर्ग आहे का बघायचे. नसेल तर पुढचा पूर्णांक.

३७०४² = १,३७,१९,६१६. त्यातून म वजा केला की २१९५ उरतात. ४६² = २११६, ४७² = २२०९. वर्ग नाही.

३७०५² = १,३७,२७,०२५. त्यातून म वजा केला की ९६०४. आणि ९६०४ = ९८².

दुसऱ्याच प्रयत्नात काम झाले.

म = (३७०५ − ९८) × (३७०५ + ९८) = ३६०७ × ३८०३

पाचशे भागाकारांचे काम दोन वजाबाक्यांत. फर्माने स्वतः १६४३ च्या सुमारास एका पत्रात २,०२,७६,५१,२८१ या संख्येचे अवयव असेच पाडून दाखवले: ४५०४१² − १०२०², म्हणजे ४४०२१ × ४६०६१. त्या काळात दहा अंकी संख्या फोडणे ही मोठीच गोष्ट होती.

पण या युक्तीवर भाळून जाऊ नका. ती झटपट चालली कारण दोन्ही अवयव एकमेकांजवळ होते. एक अवयव ७ सारखा छोटा आणि दुसरा अवाढव्य असेल तर सरासरी वर्गमूळापासून फार दूर जाते आणि प्रयत्नांची संख्या लाखांत पोचते. म्हणून क्रम असा ठेवावा: आधी छोट्या मूळ संख्यांनी भागून बघायचे, मग फर्माचे दहा-वीस प्रयत्न, आणि त्यातूनही काही निघाले नाही तर मुकाट्याने भागाकार. आरएसए कूटपद्धतीची गुप्तता दोन मोठ्या मूळ संख्यांचा गुणाकार फोडणे अवघड असण्यावर टिकते. तिच्यात किल्ली तयार करताना दोन मूळ संख्या एकमेकींच्या फार जवळ नसाव्यात असा नियम पाळतात, त्याचे कारण हीच पद्धत.

३६०७ आणि ३८०३ मूळ आहेत का?

अवयव मिळाले म्हणून थांबायचे नाही, त्यांचेही अवयव पडतात का ते बघायला हवे. ३६०७ चे वर्गमूळ ६० च्या किंचित वर, म्हणून ५९ पर्यंतच्या मूळ संख्या पुरतात. ३८०३ साठी ६१ पर्यंत. २, ३, ५, ७, ११, १३ इथे तपासायचीच गरज नाही, कारण त्यातली एकही म ला भागत नाही.

उरलेल्यांसाठी भागाकार करत बसण्यापेक्षा शेजारच्या संख्यांचे अवयव आठवावेत. ३६०४ = ४ × १७ × ५३. म्हणजे ३६०७ ला १७ आणि ५३ दोन्हींनी बाकी ३. ३५९९ = ५९ × ६१, तेव्हा ५९ ने बाकी ८. ३५९६ = ४ × २९ × ३१, तेव्हा २९ आणि ३१ ने बाकी ११. ३५८९ = ३७ × ९७, तेव्हा ३७ ने बाकी १८. राहिल्या १९, २३, ४१, ४३, ४७. त्यांच्या बाक्या अनुक्रमे १६, १९, ४०, ३८, ३५. एकही शून्य नाही. ३६०७ मूळ आहे.

३८०३ ची गतही तीच. ३८०० मध्ये १९ आहे, बाकी ३. ३७९५ = ३ × ५ × ११ × २३, तेव्हा २३ ने बाकी ८. ३७८२ = २ × ३१ × ६१, तेव्हा ३१ आणि ६१ ने बाकी २१. १७, २९, ३७, ४१, ४३, ४७, ५३, ५९ च्या बाक्या १२, ४, २९, ३१, १९, ४३, ४०, २७. हीसुद्धा मूळ.

तर मग:

१२,३४,५६,७८९ = ३² × ३६०७ × ३८०३

पडताळा गुणाकाराने करता येतोच, पण बाक्यांनी लवकर होतो. ७ ने भागल्यावर ९, ३६०७, ३८०३ यांच्या बाक्या २, २, २. गुणाकार ८, त्याची बाकी १. आधी लिहून ठेवलेली १ जुळली. ११ साठी ९ × १० × ८ = ७२०, बाकी ५. जुळली. १३ साठी ९ × ६ × ७ = ३७८, बाकी १. तीही जुळली.

अवयव हाती आल्यावर

आता बाकीची उत्तरे जवळजवळ फुकट मिळतात. प्रत्येक घातांकात १ मिळवून गुणाकार केला की विभाजकांची संख्या: ३ × २ × २ = १२. जोड्यांनी लिहिले तर:

१ आणि १२,३४,५६,७८९
३ आणि ४,११,५२,२६३
९ आणि १,३७,१७,४२१
३६०७ आणि ३४,२२७
३८०३ आणि ३२,४६३
१०,८२१ आणि ११,४०९

विभाजकांची बेरीज (१ + ३ + ९) × (१ + ३६०७) × (१ + ३८०३) = १३ × ३६०८ × ३८०४ = १७,८४,२२,८१६. त्यातून संख्या स्वतः वजा केली की ५,४९,६६,०२७ उरते. ही संख्येपेक्षा बरीच कमी, म्हणून आपली संख्या न्यून. खरे तर एवढा गुणाकार करायचीही गरज नव्हती. विभाजकांची बेरीज आणि संख्या यांचे गुणोत्तर १३/९ च्या किंचित वर आहे, कारण ३६०७ आणि ३८०३ इतक्या मोठ्या मूळ संख्या त्यात नावापुरतीच भर घालतात. विपुल व्हायला ते २ च्या पुढे जावे लागते, आणि विषम संख्यांना ते अवघडच. सगळ्यात लहान विषम विपुल संख्या ९४५ आहे, तिच्यात ३, ५, ७ तिघेही आहेत.

ऑयलरचे फलन, म्हणजे १ पासून या संख्येपर्यंत तिच्याशी सहमूळ (१ शिवाय सामाईक विभाजक नसलेल्या) संख्या किती, ते ६ × ३६०६ × ३८०२ = ८,२२,६०,०७२. साधारण दोन तृतीयांश. इथेही कारण तेच: मोठे अवयव फारशा कुणाला अडवत नाहीत, जे काय अडवले ते ३ ने. ३ चा वर्ग आत असल्यामुळे ही वर्गमुक्त संख्या नाही. मोबियस फलन अशा सगळ्या संख्यांना शून्य देते, म्हणून इथेही ते शून्य.

वर्गांची बेरीज, वर्गांची वजाबाकी

माझ्या दृष्टीने या संख्येतला सगळ्यात रंगतदार भाग हा आहे. दोन वर्गांची बेरीज म्हणून ती लिहिता येईल का? पहिली कसोटी ४ ने भागून बाकी बघायची. शेवटचे दोन अंक ८९, बाकी १. बाकी ३ आली असती तर उत्तर लगेच ‘नाही’ असे मिळाले असते, पण १ आल्यावर हो की नाही ते ठरत नाही. त्यासाठी अवयवच लागतात. नियम असा की ४ ने भागल्यावर बाकी ३ येणारी प्रत्येक मूळ संख्या सम घातांकाने यायला हवी. ३ दोनदा आहे, ठीक. पण ३६०७ ची बाकी ३, ३८०३ चीही ३, आणि दोन्ही एकेकदाच. म्हणून उत्तर नाही. दोन दोष मिळून बाकी १ झाली आणि पहिल्या कसोटीत ते लपून गेले.

तीन वर्गांना अडचण फक्त ४ चा घात × (८क + ७) या रूपाच्या संख्यांची असते. आपल्या संख्येला ८ ने भागून बाकी ५, तेव्हा तीन वर्ग नक्की मिळतील. कोणते? वर्गमूळ काढताना उरलेले २४६८ आठवा. २४६८ = ४ × ६१७, आणि ६१७ = १९² + १६². म्हणून २४६८ = ३८² + ३२². झाले:

१२,३४,५६,७८९ = १११११² + ३८² + ३२²

(चार वर्गांचा प्रश्न उरतच नाही, ते प्रत्येक संख्येला जमते हे लाग्रांजने १७७० मध्ये सिद्ध केले.)

वजाबाकीत मात्र सुकाळ आहे. विषम संख्येच्या विभाजकांची प्रत्येक जोडी एक मांडणी देते, म्हणजे इथे सहा. १०,८२१ आणि ११,४०९ या जोडीतून ११,११५² − २९४² मिळते. १ आणि संख्या स्वतः या जोडीतून ६,१७,२८,३९५² − ६,१७,२८,३९४².

अंकांच्या गमती

१ ते ९ हे अंक एकेकदा वापरून ९! = ३,६२,८८० संख्या तयार होतात. त्यातली सगळ्यात लहान ही. सगळ्यांच्या अंकांची बेरीज ४५, सगळ्यांना ९ ने भाग जातो, म्हणून त्यात एकही मूळ संख्या नाही. पूर्ण वर्ग मात्र आहेत, सगळ्यात लहान १३,९८,५४,२७६ = ११८२६².

अंकांच्या खेळात दत्तात्रय रामचंद्र कापरेकर (१९०५–१९८६) यांचे नाव टाळता येत नाही. देवळालीला शाळेत शिकवता शिकवता त्यांनी अशा कितीतरी संख्या शोधून त्यांना नावे दिली. त्यांच्या कसोट्या आपल्या संख्येला लावू.

हर्षद संख्या, म्हणजे अंकांच्या बेरजेने भाग जाणारी. ४५ ने भाग जायला ५ ने जायला हवा, तो जात नाही. बाद.

स्वयंभू संख्या, म्हणजे कुठल्याही संख्येत तिच्याच अंकांची बेरीज मिळवून जी तयार होत नाही अशी. इथे शोध थोडा करावा लागतो, पण ९ मदतीला येतो. जनक संख्येलाही ९ ने भाग जावाच लागतो, म्हणून ९, १८, २७… असे मागे जात राहायचे. १२,३४,५६,७५३ च्या अंकांची बेरीज ३६, आणि त्यात ३६ मिळवले की आपली संख्या. जनक सापडला, तेव्हा स्वयंभू नाही. मागे ८१ पर्यंत गेलात तरी दुसरा जनक मिळत नाही.

१, १२१, १२३२१ अशा चढत्या-उतरत्या संख्यांना कापरेकरांनी डेम्लो संख्या म्हटले. आपली संख्या त्यात नाही, पण तिच्याखालचा लगतचा पूर्ण वर्ग १२,३४,५४,३२१ त्यात आहे.

आनंदी संख्येची कसोटी: अंकांच्या वर्गांची बेरीज घेत राहायची, १ ला पोचलो तर आनंदी. २८५, ९३, ९०, ८१, ६५, ६१, ३७, ५८, ८९, १४५, ४२, २०, ४, १६ आणि पुन्हा ३७. चक्रात अडकलो, आनंदी नाही.

द्विमान रूप १११ ०१०१ १०११ ११०० ११०१ ०००१ ०१०१. सत्तावीस अंक, त्यात १ सोळा वेळा. द्विमान रूपात १ ची संख्या सम असेल तर अशा संख्येला ईव्हिल नंबर म्हणायची पद्धत आहे. या नावाला ‘ईव्हन’ (सम) आणि ‘ईव्हिल’ या इंग्रजी शब्दखेळापलीकडे अर्थ नाही.

हात बसवायला पुढची संख्या

उलटी संख्या ९८,७६,५४,३२१ घ्या. दोघींचा मसावि आधी काढा, युक्लिडची एकच पायरी लागते: ९८,७६,५४,३२१ = ८ × १२,३४,५६,७८९ + ९. तेव्हा मसावि ९, म्हणजे ३६०७ आणि ३८०३ हे अवयव तिथे शोधायला जायचे कारणच नाही. ९ ने भागल्यावर १०,९७,३९,३६९ उरतात. फर्माच्या युक्तीने सुरुवात करायचा मोह होईल, तो आवरा. १७ ने भाग जातो, आणि पुन्हा एकदा १७ नेच. शेवटी राहतात ३,७९,७२१. ही मूळ आहे, पण ते स्वतः पटवून घ्यायला ६१३ पर्यंतच्या मूळ संख्यांनी तपासावे लागेल. शेजारच्या संख्यांचे अवयव वापरायची युक्ती इथे खरी कसाला लागते. विभाजक १८ आले तर घातांक बरोबर मोजलेत.